न विचारताच भरलेलं 'नाही'

संपादकांचा फोन आला. म्हणाले, "नईमभाई, संगणक क्षेत्रातले थरारक अनुभव लिहा." मी सांगितलं, अकोल्यात बसून सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याच्या आयुष्यात थरार एवढाच, की लाइट गेली तेव्हा काम सेव्ह केलेलं होतं की नव्हतं. ते हसले. त्यांना तो विनोद वाटला.

मी डेटाबेसवाला. नात्यागोत्यात आजही 'नईम कॉम्प्युटर दुरुस्त करतो' असंच सांगतात. अब्बांचं गाद्या-रजयांचं दुकान होतं. तिथे येणाऱ्या गिऱ्हाइकाला निदान आपल्याला काय पाहिजे हे माहीत असायचं. माझ्या गिऱ्हाइकांना तेही माहीत नसायचं. एका जिनिंगवाल्या शेटजींना रुईच्या गाठींची नोंद अशी हवी होती, की ती धाकट्या भावाला दिसू नये. धाकट्याने मला वेगळं गाठून हेच सांगितलं, फक्त थोरल्याबद्दल. दोघंही जाताना खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "आपल्या दोघांतच ठेवा." एका संस्थाचालकाला शाळेच्या प्रोग्राममध्ये सगळ्यात आधी स्वतःचा फोटो हवा होता, मग शाळेचा, आणि जमलं तर विद्यार्थी. असली माणसं मी पुष्कळ पाहिली. पण मी सांगणार आहे ती गोष्ट एका वधू-वर सूचक केंद्राची आहे, आणि त्यासाठी आधी धंदा थोडा समजावून द्यावा लागेल.

माहिती ठेवायला टेबल लागतं. टेबल म्हणजे तक्ता. एका माणसाची एक ओळ, आणि नाव, गाव, शिक्षण असा एकेक रकाना. पूर्वी आम्ही हे टेबल डेटाबेसच्या भाषेत हाताने लिहून काढायचो. नंतर अशी साधनं आली की आपण आपल्या रोजच्या प्रोग्रामच्या भाषेत, म्हणजे माझ्या बाबतीत पायथनमध्ये, एक क्लास, म्हणजे नमुना, लिहायचा. त्याला मॉडेल म्हणतात. समजा क्लासचं नाव 'मुलगी'. आत ओळीखाली ओळ लिहायची: नाव म्हणजे अक्षरं, जन्मतारीख म्हणजे तारीख, उंची म्हणजे आकडा. मग एक आज्ञा द्यायची. ते साधन क्लास वाचतं आणि डेटाबेसमध्ये तसंच टेबल तयार करून ठेवतं. क्लास बदलला की टेबल बदलतं. काम झकास होतं, आणि धोकाही तिथेच असतो. एक ओळ लिहिणं इतकं सोपं झालं, की ती लिहिताना विचार करायचं लोकांनी सोडून दिलं.

प्रत्येक रकान्याचं दोन बाबतींत ठरवावं लागतं. तो रिकामा राहिलेला चालेल का? आणि कोणी काहीच भरलं नाही तर आपोआप काय भरायचं? या आपोआप भरण्याला डिफॉल्ट म्हणतात. वऱ्हाडात हे कोणाला शिकवायची गरज नाही. शाळेत नाव घालताना बापाला पोराची जन्मतारीख सांगता आली नाही की हेडमास्तर एक जून लिहायचे. माझ्या वर्गातली अर्धी पोरं एक जूनला जन्मलेली होती, त्यात मीही. त्याने कोणाचं फार बिघडलं नाही. रिटायर होताना थोडं इकडेतिकडे झालं असेल, एवढंच.

केंद्र अमरावतीला राजापेठेच्या बाजूला होतं. नाव सांगत नाही. एका समाजापुरतंच होतं, आणि तो समाज बहुतेक शेतकऱ्यांचा. चालक भाऊसाहेब. स्वभावाने वाईट नव्हे, पण 'समाजसेवा' हा शब्द उच्चारताना डोळे मिटून घेणारे. फोनवर बसायच्या सुलभाताई, केंद्राचं खरं काम त्याच करत. तिसरा भाऊसाहेबांचा पुण्यातला जावई, सौरभ. तो कुठल्याशा कंपनीत सोल्यूशन आर्किटेक्ट होता. ही पदवी त्याच्या प्रत्येक मेलखाली नावाहून मोठ्या अक्षरांत असायची. सासऱ्याला हा फुकट सल्ला द्यायचा आणि मी तो पाळायचा, अशी व्यवस्था होती.

मी मॉडेल लिहिलं तेव्हाच काय ते लक्षात यायला हवं होतं. जात रिकामी सोडलेली चालणार नव्हती. पोटजात चालणार नव्हती. रंग, नाडी, मामाचं कूळ, सगळं सक्तीचं. मुलीला स्वतःला काय पाहिजे, याचा रकानाच नव्हता. तो रिकामा ठेवायचा प्रश्नही आला नाही.

बोंडअळीची वर्षं होती. कापूस हिरवागार उभा आणि बोंडात किडा. सोयाबीनचा तर भरवसा आधीच उडालेला. पुढारी येऊन बांधावर फोटो काढून जात होते, आणि इकडे केंद्रात मुलींचे बाप येऊन एकच सांगत होते: घरी वावर पाहिजे, भरपूर पाहिजे, पण पोट्टा नोकरीवालाच पाहिजे. म्हणजे शेती असावी आणि शेतकरी नसावा. हे सांगणारे स्वतः शेतकरीच. आणि आपण काही विचित्र बोलतोय असं त्यांच्यापैकी एकाच्याही चेहऱ्यावर मला कधी दिसलं नाही.

त्यातच एका बापाने भाऊसाहेबांना फोनवर झापलं. त्याच्या मुलीला एका शेतकरी मुलाचं स्थळ गेलं होतं. "माही पोरगी काय ढेकळं फोडाले वाढवली का मी?" भाऊसाहेब हादरले. लगेच मला बोलावणं आलं, आणि समोर पडद्यावर सौरभ.

"नईमभाई, एक रकाना वाढवा," भाऊसाहेब म्हणाले. "शेतकरी मुलगा चालेल काय? हो का नाही. नाही असन तर शेतकऱ्याचं स्थळ तिकडे जाचंच नाही, अन् तिचं इकडे येचं नाही."

"चांगलं आहे," मी म्हणालो. "नव्या मुलींना नाव नोंदवतानाच विचारू. पण आधी नोंदलेल्या मुलींचं काय? त्यांना विचारलेलं नाही. विचारेपर्यंत रिकामं ठेवू."

पडद्यावरून सौरभ म्हणाला, "रिकामं कशाला? बूलियन फील्ड आहे. हो किंवा नाही. डिफॉल्ट 'नाही' टाका. दोन मिनिटांचं काम आहे, नईमजी."

"तिसरं उत्तर असतं. अजून विचारलं नाही, हे."

"ऑब्व्हियस आहे हो ते. कोण 'हो' म्हणणार आहे?"

"अन् इतक्या जनींले फोन कोन करत बसन?" भाऊसाहेबांनी निकाल दिला. "साऱ्या नाहीच म्हनतीन."

मी सांगितलं, ही ओळ मी लिहिणार नाही. त्याने काही अडलं नाही. सौरभने पुण्यात बसून स्वतःच लिहिली, आणि डिफॉल्ट लिहायचं विसरला. आता इथे एक गंमत सांगतो. आधी भरलेल्या टेबलात असा सक्तीचा, डिफॉल्ट नसलेला नवा रकाना घातला, की ते साधन थांबतं आणि विचारतं: जुन्या ओळींमध्ये काय भरू? उत्तर दिल्याशिवाय पुढे जात नाही. सौरभने उत्तर दिलं, आज्ञा दिली आणि ग्रुपवर अंगठा पाठवला. केंद्रातल्या एकूण एक मुलींनी त्या क्षणी शेतकरी नवरा नाकारला. त्यांना पत्ताही नव्हता.

पुढे कितीतरी महिने सगळं शांत. भाऊसाहेब खूश, कारण कोणाचा बाप ओरडत नव्हता. शेतकरी पोरांच्या आया यायच्या, पिशवीतून फोटो काढून दाखवायच्या, आणि सुलभाताई कॉम्प्युटरवर पाहून सांगायच्या, "सध्या स्थळ नाही, मावशी." कॉम्प्युटर सांगतो म्हटल्यावर त्या वादही घालत नसत. उठून एसटीला जायच्या.

एका दुपारी मी तिथे प्रिंटर पाहायला गेलो होतो. सॉफ्टवेअरवाल्याने प्रिंटर पाहायचाच असतो, त्यात अपमान मानला तर धंदा बंद करावा लागेल. तेव्हा प्रणिता आली. सव्वीस-सत्तावीसची असेल. अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून शिकलेली, एका रोपवाटिकेत कामाला. वडील मूर्तिजापूरकडे शिक्षक. खुर्ची दाखवली तरी बसली नाही.

"ताई, मले सारे नोकरीवालेच स्थळं काहून येऊन राहिले?"

सुलभाताई हसल्या. "मंग कोनते पाहिजे?"

"माझ्या मैत्रिणीच्या भावाचं नाव तुमच्याकडे आहे. शेती करतो. त्याच्या आईला तुमी सांगितलं, स्थळच नाही. अन् मी इथंच आहे, त्याच समाजाची, त्याच तालुक्याची. आमाले एकमेकांचं नाव काहून नाही दाखवलं?"

सुलभाताईंनी तिचं नाव काढलं, पडदा तिच्याकडे फिरवला आणि अगदी निरागसपणे म्हणाल्या, "तुमीच तर शेतकरी नाही म्हटलं हाय नं. हे पाहा."

प्रणिताने वाकून वाचलं. मग सरळ झाली.

"मी म्हटलं? कोनाले म्हटलं? फोनवर, का घरी कोनी आलं होतं?"

सुलभाताईंनी माझ्याकडे पाहिलं, मी भाऊसाहेबांकडे. भाऊसाहेब म्हणाले, "अवो ताई, ते कॉम्प्युटरनं भरलं."

हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलो आहे. रेशन कॉम्प्युटरने अडवलं, निकाल कॉम्प्युटरने लावला, नाव कॉम्प्युटरने गाळलं. जणू ते रात्री उठून स्वतःच करतं.

"कॉम्प्युटरनं तर विचारलं होतं, भाऊसाहेब," मी म्हणालो. "काय भरू म्हणून. उत्तर माणसानं दिलं."

भाऊसाहेबांनी घाईघाईने जावयाला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि घडलं ते सांगितलं. सौरभ मीटिंगमध्ये होता, पण शांतपणे म्हणाला, "बाबा, ही एज केस आहे. एकीसाठी डिझाइन बदलत नाहीत."

"एज केस म्हणजे काय?" प्रणिताने मला विचारलं.

"तुम्ही," मी म्हणालो. "ज्या माणसासाठी काम वाढवायचं नसतं, त्याला आमच्यात एज केस म्हणतात."

तिने फोनकडे बोट केलं. "मी शेतीचं शिकली. रोज कलमा बांधून राहिली. मले संत्र्याचा बगीचा करायचा हाय, अन् तो करणारा नवरा पाहिजे म्हनून मी बापाशी वर्षभर भांडली. तो बाप, तरी त्यानं मले तीनदा विचारलं, नक्की ना, म्हनून. तुमी कोन हो? बापाच्याही वरचे झाले?" मग भाऊसाहेबांकडे वळली. "माझ्यासारख्या अजून किती आहेत, ते मी साऱ्यांले विचारणार. तुमच्या मेळाव्यात येऊन विचारणार."

मेळाव्याचं नाव काढताच भाऊसाहेबांचे डोळे पूर्ण उघडले. केंद्राच्या वधू-वर मेळाव्याला आमदार येणार होते. "नईमभाई, दुरुस्त करा आजच्या आज."

दुरुस्ती कशी करायची? रकाना रिकामा राहू शकेल असं मॉडेलमध्ये लिहिलं, ते सोपं होतं. पण मधल्या काळात ज्या नव्या मुली नोंदल्या गेल्या त्यांनी खरोखर विचारल्यावर 'नाही' म्हटलं होतं, आणि जुन्यांच्या तोंडी सौरभने घातलं होतं. टेबलात दोन्ही सारखीच दिसत होती. कुठलं कोणी म्हटलं आणि कुठलं कोणी भरलं, याची खूण, अगदी नोंदणीची तारीखसुद्धा, कुठेच ठेवलेली नव्हती. खोटं एकदा खऱ्याशेजारी त्याच अक्षरात लिहून ठेवलं की खऱ्याचीही किंमत जाते. मी सगळी उत्तरं पुसून टाकली आणि सांगितलं, आता साऱ्यांना विचारा. बापाला नाही, भावाला नाही. मुलीला.

सुलभाताईंनी विचारायला सुरुवात केली. काही फोन मीही केले. बहुतेक ठिकाणी आईच फोन घ्यायची आणि म्हणायची, "तिले काय विचारता? मी सांगतो नं." वऱ्हाडात बाईसुद्धा 'मी सांगतो' म्हणते, पुणेकरांनी दचकू नये. एका मुलीने सांगितलं, शेतकरी चालेल, पण तो शेतात गेलेला चालणार नाही. एकीने विचारलं, शेतकरी आणि नोकरीवाला असे दोन्ही एकात मिळतील का?

आणि बहुतेकींनी 'नाही'च म्हटलं. भाऊसाहेब मला डिवचत होते, "पाहा, म्हटलं होतं नं मी." पण त्यातली एक मुलगी दर्यापूरकडची. ती म्हणाली, "सर, माझ्या मायचे हात पाहून जा एकदा, मग विचारा." ते 'नाही' मी स्वतः नोंदवलं. ते तिचं होतं, कारणासकट होतं. सौरभच्या 'नाही'ला कारण नव्हतं, फक्त कंटाळा होता. 'हो' म्हणणाऱ्या मोजक्याच निघाल्या, पण निघाल्या. त्यांची नावं शेतकरी पोरांच्या घरी गेली.

प्रणिताला पहिलं स्थळ आलं ते तिच्या मैत्रिणीच्या भावाचंच. ती भेटायला गेली तर तो उत्साहाने सांगायला लागला, की लग्न झालं की वावर विकून अमरावतीत प्लॉट घेणार, मोबाइलचं दुकान टाकणार. ती चहा पिऊन परत आली. मला फोनवर म्हणाली, "सर, शेतकऱ्यांलेच शेतकरी राहायचं नाही, तर मी कोनाशी भांडून राहिली?" पहिल्यांदाच तिचा आवाज खचलेला वाटला.

मग म्हणाली, "एक विचारू? मागं तुमी मले एक नोकरीवाला पाठवला होता. नांदगाव पेठच्या कापड कंपनीतला. नाव निलेश. मी नाही म्हटलं त्याले. पण तो घरी आला तेव्हा आमच्या अंगणातल्या लिंबाजवळ उभा राहिला अन् म्हणाला, याले डिंक्या लागला, खोडाले पाणी लागू देऊ नका. त्याच्या मायनं त्याले कोपर मारलं. तेव्हापासून डोक्यात हाय माझ्या. तो खरंच कंपनीत हाय का? शेती करत असन तर त्याले म्हना, आधी नोकरी सोडा, मग बोलू."

टेबलात पाहिलं. व्यवसाय: नोकरी. त्याच्या नंबरवर मीच फोन केला. तो ओरडून बोलत होता, कारण मागे घरघर चालू होती.

"निलेशभाऊ, केंद्रातून बोलतो. तुम्ही नोकरी करता की शेती?"

"नोकरी, साहेब. पक्की नोकरी. आता ड्युटीवरच हाय."

"आणि शेती?"

"ती बटईनं देली. मी पाहतच नाही तिकडे."

"मग हा मागे फवारणीचा पंप कशाचा चालू आहे?"

घरघर बंद झाली. मग तो हळू आवाजात म्हणाला, "साहेब, कोनाले सांगू नका. शेतकरी लिहिलं तर कोनी दारात उभं करत नाही. मायनं म्हटलं, लग्नापुरती नोकरी धर. लग्न झालं की सोडून देतो."

असे किती असतील, मला ठाऊक नाही. नांदगाव पेठच्या एमआयडीसीत कापड विणलं जातं असं आपण समजतो. तिथे नवरदेवही तयार होत होते. लग्नासाठी खोटं बोलणाऱ्या माणसाचा मला एरवी राग येतो. पण या पोराला आपलं खरं काम चोरासारखं लपवून करावं लागत होतं, आणि त्याला तसं करायला लावणाऱ्यांत माझं गिऱ्हाईकही होतं.

"एक मुलगी आहे," मी म्हणालो. "तिला शेतकरीच पाहिजे."

"मस्करी करता काय?"

फोन आईने हिसकावून घेतला. "भाऊ, पोरीत काही खोट हाय का? असन तर आत्ताच सांगा."

"खोट नाही, मावशी. तिचं म्हणणं आहे, आधी नोकरी सोडा, मग बोलू."

"अन् नोकरी सोडल्यावर ती नाही म्हनली तर? मंग माह्या पोराले कोन देईन पोरगी?"

याचं उत्तर मी बनवून दिलं नाही. प्रणिताला जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, "बरोबरच हाय त्यांचं." आणि वडिलांना घेऊन स्वतः निलेशच्या वावरात गेली. नंतर निलेशनेच मला सांगितलं, की ती आधी विहीर पाहायला गेली, मग मातीचं ढेकूळ हातात घेऊन फोडलं, आणि मग त्याच्याकडे पाहिलं. विहिरीला पाणी किती महिने टिकतं, हे तिने विचारलं. त्याने खरं सांगितलं, फेब्रुवारीपर्यंत. खोटं बोलला असता तर ती तिथूनच परत गेली असती, असं तिने पुढे त्याला ऐकवलं.

लग्न ठरलं. नोकरी मात्र लगेच सुटली नाही. हळद लागेपर्यंत आईने त्याच्या गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र उतरू दिलं नाही. प्रणिता हसली आणि म्हणाली, राहू द्या.

मला पत्रिका आली, मी गेलो. भाऊसाहेबांनी माइक हातात घेऊन डोळे मिटले आणि जाहीर केलं, की ही जोडी आपल्या केंद्राच्या अत्याधुनिक सॉफ्टवेअरने जुळवली आहे. पुढच्याच रांगेत सौरभ होता. उठून त्याने नमस्कार केला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढे त्याने केंद्राचं अ‍ॅप काढलं. त्यात या नवरा-नवरीचा फोटो पहिल्याच पानावर आहे, आणि व्यवसायाच्या यादीत 'शेती' नाही. 'इतर' निवडायचं असतं. मी ते काम पाहत नाही आता. माझ्याऐवजी पुण्याचा माणूस नेमला आहे.

त्या दिवशी जेवणाच्या पंगतीत निलेशची आई माझ्या शेजारी येऊन टेकली. वाढप्याला माझ्या पानात आणखी एक जिलबी टाकायला लावली आणि खाली वाकून कानाशी म्हणाली, "भाऊ, पोरगी तर चांगली सुधी दिसते बाप्पा. शिकेल हाय, बाप मास्तर हाय. मंग तिनं माह्या पोराले काहून केलं असन?"

मी म्हणालो, "मावशी, मला काय माहीत? तिला विचारा."

तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठली, पदर सावरला, आणि मांडवातून वाट काढत खरंच विचारायला निघाली.